पुस्तकातली बहीण

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी ‘वाचा आणि पाहा’ नावाचा कार्यक्रम असायचा. आधी सगळ्यांनी पुस्तक वाचून यायचं, मग त्यावरचा सिनेमा बघायचा आणि पुढच्या रविवारी जमून भांडायचं. सूचनाफलकावर त्याला ‘चर्चा’ म्हणत, एवढंच.

कार्यक्रम सुरू केला होता ग्रंथपालबाईंनी. वय छप्पन्न, आवाज बारीक, शिस्त कडक. अकरा वर्षांत त्यांनी शंभरावर सिनेमे दाखवले होते. प्रत्येक वेळी वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे ‘पुस्तकात’, उजवीकडे ‘पडद्यावर’ लिहायचं आणि पेन्सिल घेऊन पहिल्या रांगेत बसायचं. उजवी बाजू आजवर एकदाही जिंकली नव्हती.

“माय मरो पण मावशी जगो, असं लोक म्हणतात,” बाई चर्चेत ठणकावून सांगायच्या. “इथे ते चालणार नाही. पुस्तक ही माय. मावशीनं कितीही लाड केले तरी ती मावशीच.”

“मावशी निदान दोन तासांत मोकळं तरी करते,” शेवटच्या रांगेतून त्यांचा नवरा म्हणायचा आणि हॉल हसायचा. नवऱ्याचं वाचनालयासमोरच घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसल्यावर बारीक अक्षर वाचायची त्याला सोय उरत नसे. त्यामुळे तो कायम सिनेमाच्या बाजूने.

या महिन्याचा सिनेमा मात्र वेगळा होता. पुस्तक बाईंच्या वडिलांचं होतं.

वडील शाळामास्तर. त्यांनी जन्मात एकच कादंबरी लिहिली, ‘खाणीतलं पाणी’. तिचा एक उतारा शाळेच्या पाठ्यपुस्तकात होता, त्यामुळे गावातल्या प्रत्येकाला ती अर्धीमुर्धी पाठच होती. गोष्ट साधी. एक आठ वर्षांचा मुलगा, एका जागी टिकत नाही म्हणून घरचे त्याला भोवरा म्हणतात. रविवारी दुपारी तो अकरा वर्षांच्या बहिणीबरोबर पाण्यानं भरलेल्या दगडखाणीवर जातो. बहीण तापलेल्या शिळेवर बसून लाल पुठ्ठ्याचं पुस्तक वाचत असते. भोवरा हाक मारतो, “ताई, बघ ना!” ती मान वर न करता म्हणते, “थांब, एवढं पान होऊ दे.” पान होतं, ती वर बघते, आणि पाण्यावर कोणी नसतं.

भोवरा खरा होता. बाईंचा धाकटा भाऊ. पंचेचाळीस वर्षांपूर्वी तो त्या खाणीत बुडाला आणि तीन वर्षांनी पुस्तक आलं. तेव्हा बाई चौदा वर्षांच्या होत्या. शाळेत मुली विचारायच्या, “ती ताई म्हणजे तूच ना गं?” बाई मान हलवायच्या. कोणी त्यांना वाईट बोललं नाही. उलट, म्हाताऱ्या बायका रस्त्यात थांबवून जवळ घ्यायच्या, “तुझा काय दोष, लेकरा,” म्हणायच्या. दोष नाही असं ज्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, त्याला काय समजायचं ते समजतंच.

अठ्ठाविसाव्या वर्षी लग्न ठरलं तेव्हा त्यांनी घड्याळवाल्याला दुकानाच्या पायरीवरच सांगितलं होतं, “मला मूल नको. माझ्या हातात पोर टिकणार नाही. पटत असेल तर हो म्हणा.” त्यानं दोन दिवस विचार करून हो म्हटलं. शेजारच्या बाळाला सुद्धा बाई कधी कडेवर घेत नसत.

सिनेमाचे हक्क आईकडे होते. आई एक्याऐंशी वर्षांची, दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. दोन वर्षांपूर्वी तिशीतली एक दिग्दर्शिका आली आणि आईनं तिला सही देऊन टाकली. बाईंना ते नंतर कळलं. ती दिग्दर्शिका तीन आठवडे गावात राहिली, रोज दुपारी आईकडे जायची. आई कौतुकानं सांगायची, “पोरगी ऐकून घेते गं. मध्ये मध्ये बोलत नाही.” बाई चार हात लांबच राहिल्या. त्यांनी ठरवलं होतं, एकदाच बघायचा, पूर्ण झाल्यावर, वही घेऊन.

सिनेमागृहांत लागण्याआधी दिग्दर्शिकेनं पहिला खेळ मास्तरांच्या गावात, वाचनालयातच ठेवला. साठ खुर्च्या भरल्या, वीसेक माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. आई आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली.

पहिला तासभर बाईंची पेन्सिल चालत होती. ‘घराचं दार निळं नव्हतं.’ ‘शाळेची घंटा पुस्तकात नाही, पण बरी वाटते.’ मग पडद्यावर रविवार आला. रिकामी गल्ली, ऊन, लांबून दिसणारी खाण. आता शिळा येईल, लाल पुस्तक येईल. बाईंची पेन्सिल थांबली.

शिळा आली. तिच्यावर बहीण नव्हती. वडील होते.

मांडीवर वही घेऊन मास्तर लिहीत होते. काठाशी भोवरा उघड्या अंगानं नाचत होता.

“बाबा, बघा ना!”

मास्तरांनी मान वर केली नाही. डाव्या हाताचं एक बोट उचललं. “थांब, एवढी ओळ होऊ दे.”

“बाबा, बघा! मी इथून उडी मारतो!”

बोट तसंच वर. पेन कागदावर सरकत होतं. पाण्याचा एक आवाज झाला, फार मोठा नव्हे. मास्तरांनी ओळ पुरी केली, पूर्णविराम दिला, आणि वर बघितलं.

हॉलमध्ये कोणीतरी “अरे देवा” म्हणालं. बाईंच्या हातून पेन्सिल पडली आणि घरंगळत पुढे गेली. ती उचलायला त्या वाकल्या नाहीत. त्यांना पहिल्यांदा वाटलं ते हे, की कोणीतरी भर लोकांत बाबांच्या तोंडात मारली. मेलेल्या माणसाच्या. पुढचा सिनेमा त्यांनी पाहिला की नाही हे त्यांना नंतर सांगता आलं नाही.

दिवे लागले. टाळ्या वाजल्या नाहीत. लोक एकमेकांकडे बघत होते आणि मग सगळे मिळून बाईंकडे. बाई उठल्या, दिग्दर्शिकेसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि फक्त म्हणाल्या, “आत या.”

हॉलला लागून जुनी पुस्तकं शिवायची खोली होती. टेबलावर डिंकाचं भांडं, सुया, पुठ्ठ्याचे तुकडे. घड्याळवालाही मागोमाग आत आला आणि त्यानं दार लोटलं.

“तुम्हाला लाज वाटली नाही?” बाईंचा बारीक आवाज फाटला. “सिनेमात बदल करतात, मला माहीत आहे. अकरा वर्षं मी तेच लिहीत आलेय. पण एका बापावर मुलाच्या मरणाचा आळ घ्यायचा? का, तर प्रसंग उठावदार होतो म्हणून?”

दिग्दर्शिका गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिली. “बाई… मी काहीच बनवलेलं नाही.”

“पुस्तकात बहीण आहे!”

“हो. छापलेल्या पुस्तकात.” मग तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. “तुम्हाला ठाऊक नाही? आजी म्हणाल्या, मुलीला सगळं माहीत आहे. मी दोनदा विचारलं होतं त्यांना. तुम्ही मला भेटत नव्हता, तर मला वाटलं, तुम्हाला त्यावर बोलायचं नसेल.”

“काय माहीत आहे?”

दिग्दर्शिकेनं फोन काढला. तिला हवं ते चित्र लवकर सापडेना. शेवटी तिनं फोन टेबलावर ठेवला आणि बाईंकडे सरकवला.

वहीच्या पानाचा फोटो होता. अक्षर बाबांचं. त्यात शंकेला जागाच नव्हती. त्यांचा ‘ळ’ नेहमी शेपूट खाली ओढून काढलेला असायचा. गोष्ट तीच होती, फक्त सांगणारा ‘मी’ होता. आणि त्या ‘मी’वर प्रत्येक ठिकाणी, नंतर, वेगळ्या शाईनं काट मारून वर ‘ती’ लिहिलं होतं. ‘बाबा, बघा’ खोडून ‘ताई, बघ’ केलं होतं. ‘थांब, एवढी ओळ होऊ दे’मध्ये ‘एवढी’चं ‘एवढं’ केलेलं, आणि ‘ओळ’ खोडून त्या जागी ‘पान’.

बाईंनी ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं हलायला लागली.

“पण मी होते तिथे,” त्या म्हणाल्या. “मला आठवतं. शिळा तापली होती, पायाला चटके बसत होते. पुस्तकाला डिंकाचा वास येत होता. माझ्या केसातली रिबीन सुटली होती…”

“अगं,” घड्याळवाला हळूच म्हणाला, “हे सगळं पुस्तकात आहे. जसंच्या तसं.”

घड्याळवाल्याला बारीक अक्षर वाचवत नसलं तरी हे एक पुस्तक त्यानं लग्नाआधी वाचलं होतं. तीनदा.

आईच्या घरी ते दोघं चालतच गेले. आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. तिनं दोघांचे चेहरे पाहिले आणि सोललेले दाणे असलेलं पातेलं उगाच बाजूला सरकवलं.

“पाहिलास,” ती म्हणाली.

“आई, मी त्या दिवशी कुठे होते?”

“बस आधी.”

“मी कुठे होते?”

“मावशीकडे.” आईनं पदराला हात पुसले. “तुला गालगुंड झालं होतं. भोवऱ्याला लागायला नको म्हणून मी तुला घेऊन मावशीकडे गेले. तुझा ताप उतरत नव्हता. आठव्या दिवशी निरोप आला.”

बाईंना मावशीची अरुंद खोली आठवत होती. गळ्याभोवती गुंडाळलेला गरम फडका, गिळताना होणारा त्रास. ते सगळं त्यांनी कुठल्यातरी दुसऱ्याच वर्षाच्या खणात ठेवून दिलं होतं. “ते तर… आधीच्या वर्षी ना?”

“गालगुंड माणसाला एकदाच होतं गं.”

बाई मटकन खाली बसल्या. टरफलांवरच बसल्या, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही. बेचाळीस वर्षं ज्या शिळेवर त्या रोज बसत आल्या होत्या, त्या शिळेवर त्या कधी गेल्याच नव्हत्या. ती खाण त्यांनी पाहिली होती ती सुद्धा नंतर, कुंपण घातल्यावर, लांबून.

“तुला परत आणलं तेव्हा सगळं उरकलं होतं,” आई सांगत होती. “खाणीवर ह्यांच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं, गावाला कुठून कळणार? घरात कोणी त्याचं नाव काढायचं नाही, असं ह्यांनी सांगितलं. मग पुस्तक आलं. मी वाचलं आणि ह्यांना विचारलं, हे काय केलंत? तर म्हणाले, गोष्ट आहे ती. बाप असा दाखवला तर उद्या लोक माझ्या हाताखाली पोरं पाठवतील का? आणि मुलीला कोण बोल लावणार आहे? लहान आहे. लोक पोटाशीच धरतील.”

“मी त्यांना विचारलं होतं,” बाई म्हणाल्या. “पंधरा वर्षांची असताना. बाबा, त्या दिवशी नक्की काय झालं? ते म्हणाले, पुस्तकात आहे की सगळं.”

आईनं एक शेंग उचलली आणि न सोलताच परत ठेवली.

“आणि तू?”

“एक लेकरू गेलं होतं. घर जायला नको, एवढंच बघितलं मी. आणि मला वाटायचं, तुला आठवत असेलच की. स्वतःचं गालगुंड कोण विसरतं? लोकांसमोर बापाची बाजू सांभाळून घेतेय, असं वाटायचं.”

“मग नाही आठवत, हे कधी कळलं तुला?”

आईनं पातेलं पुन्हा जवळ ओढलं. मग जावयाकडे न बघता म्हणाली, “लग्नात. तू मूल नको म्हणालीस तेव्हा.”

दाराच्या चौकटीशी उभा असलेला घड्याळवाला आत आला. सासूसमोर त्यानं अठ्ठावीस वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही.

“तेव्हा कळलं होतं तुम्हाला?”

“हे होते ना तेव्हा. ह्यांच्या डोळ्यांदेखत कसं सांगू?”

“त्यांना जाऊन बारा वर्षं झाली, आई.”

“तोवर तुमचं वय…” म्हातारी अडखळली. “तोवर सांगून काय उपयोग होता?”

“उपयोग,” घड्याळवाला म्हणाला. तेवढाच शब्द. मग तो मागच्या दारानं अंगणात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाईंनी आपल्या नवऱ्याला रडताना तोवर कधीच पाहिलं नव्हतं.

“आणि त्या परक्या मुलीला बरी वही दिलीस?” बाईंनी विचारलं.

“तिनं विचारलं मला,” आई म्हणाली. “इतक्या वर्षांत एवढी माणसं आली. पुस्तकाची वाखाणणी करून गेली, चहा पिऊन गेली. ही पोरगी पहिल्याच दिवशी म्हणाली, आजी, एक कळत नाही. आठ आणि अकरा वर्षांची पोरं एकटी खाणीवर कशी? आईबाप कुठे होते? अगं, इतक्या वर्षांत हे मला कोणीच विचारलं नाही. तूसुद्धा नाही. आणि तुला समोर बसवून सांगायला जीभ रेटेना. म्हटलं, पडद्यावर बघेल.”

बाई उठल्या आणि निघून आल्या. पुढचे सहा दिवस त्या आईकडे गेल्या नाहीत. आईचा डबा रोज त्याच पोचवायच्या, तो आता घड्याळवाला पोचवू लागला. तोही दारात ठेवून यायचा. घरी दोघं एकमेकांशी फार जपून बोलत होते. एकदा चहा गाळता गाळता बाई म्हणाल्या, “तुम्ही हो म्हणायला नको होतंत.” तो म्हणाला, “मी तुला हो म्हटलं होतं, पुस्तकाला नाही.” थोड्या वेळानं त्यानं पुस्ती जोडली, “पण राग येतोय गं. कोणावर काढू ते कळत नाही.”

रविवारी चर्चेला जिन्यापर्यंत गर्दी होती. गाव पेटलेलं होतं. शाळेचे जुने हेडमास्तर उभे राहून तावातावानं बोलले, “मास्तर देवमाणूस होते. असल्या सिनेमावर कोर्टात खेचलं पाहिजे. मूळ कृतीची विटंबना आहे ही!” टाळ्या पडल्या. एक बाई म्हणाली, “पुस्तक वाचून आम्ही रडायचो, हे बघून तर झोपच लागली नाही.” दिग्दर्शिका कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. वहीचा फोटो दाखवला असता तर तिची सुटका झाली असती, पण तिनं तो दाखवला नाही.

मग सगळ्यांना बाईंचं ऐकायचं होतं. त्या उभ्या राहिल्या. समोर वही होती. उभी रेघ, पहिल्या तासाच्या चार ओळी, त्याखाली दोन्हीकडे काहीच नाही.

“पुस्तक फार सुंदर आहे,” बाई म्हणाल्या. “मला ते पाठ आहे. बहीण पान संपवते तो परिच्छेद तर इतका नेटका आहे की तो वाचताना कोणालाही खरंच वाटावा. मला वाटला.” त्यांनी वही मिटली. “मी त्या दिवशी खाणीवर नव्हते. मी मावशीच्या गावी तापानं फणफणले होते. बाबा होते तिथे. सिनेमात दाखवलंय ते त्यांनीच आधी लिहिलं होतं. नंतर खोडलं.”

अजून उभेच असलेले हेडमास्तर खाली बसले, पण खुर्ची जरा मागे होती, ती त्यांना चाचपून शोधावी लागली. बाईंना आणखी काही बोलायचं होतं, सहा दिवस त्यांनी ते मनात जुळवलं होतं. मायलेकींवर, मावशीवर, खऱ्याखोट्यावर. त्यातलं एक अक्षर आठवेना. “एवढंच,” म्हणून त्या बसल्या. लोक नेहमीसारखे घोळके करून थांबले नाहीत. एकेक करून उतरून गेले. जाताना कित्येकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवायचे तसाच. यावेळी बाईंनी खांदा बाजूला घेतला.

दोन आठवड्यांनी सिनेमा गावातल्या सिनेमागृहात लागला. त्याच दिवशी सकाळी आई काठी टेकत टेकत दोन गल्ल्या चालून आली आणि दारात उभी राहिली. “मी अजून बघितला नाही,” ती म्हणाली. “नेशील का?”

बाईंना नाही म्हणायचं होतं. त्यांनी चपला घातल्या.

दुपारचा खेळ, अर्धी गर्दी. आई मध्ये, दोन्ही बाजूंना मुलगी आणि जावई. पडद्यावरचं घर, शाळा, स्वतःची भूमिका करणारी तरुण नटी, आई सगळं शांतपणे बघत होती. मध्येच म्हणाली, “एवढी गोरी नव्हते मी.” मग रविवार आला. शिळा आली. मास्तर आले, मांडीवर वही घेऊन.

“बाबा, बघा ना!”

मास्तरांचं बोट वर गेलं.

आई ताडकन उठली. जिला खुर्चीतून उठायला काठीवर भार टाकावा लागायचा, ती तशीच उठून उभी राहिली. काठी पडली. पडद्याकडे हात करून ती सगळं सिनेमागृह दणाणेल अशी ओरडली,

“अहो, वर बघा! अहो, वर बघा ना!”

माना वळल्या. मागून कोणीतरी “खाली बसा” म्हणालं आणि लगेच गप्प झालं. पडद्यावर पाण्याचा आवाज झाला. आई तशीच उभी होती, हात पुढे, तोंड उघडं. बाईंनी तिला कमरेला धरून हळूहळू खाली बसवलं. म्हातारीचं अंग पाखरासारखं हलकं होतं आणि सगळं कापत होतं. बाईंनी तिला सोडलं नाही. सिनेमा संपेपर्यंत त्या तिला तशाच धरून बसल्या, आणि अंधारात त्यांना आपल्या पाठीवर नवऱ्याचा हात जाणवत होता.